पायांत जोर आहे, मग काळजी कशाची? २९ आठवड्यांत जन्मलेल्या एका मुलाचं प्रकरण

मुलगा, घरातलं पहिलं नातवंड. गर्भारपणाच्या २९ व्या आठवड्यात सिझेरियननं जन्म, वजन १,१८० ग्रॅम. आईचा रक्तदाब सातव्या महिन्यात एकाएकी वाढला, लघवीतून प्रोटीन जायला लागलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांना आणखी थांबणं शक्य राहिलं नाही. दिलेली तारीख होती २२ डिसेंबर. म्हणजे बाळ ११ आठवडे आधी आलं. ३७ आठवड्यांच्या आत झालेलं कुठलंही बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात, पण हालचालींच्या विकासाची खरी धास्ती असते ती ३२ आठवड्यांच्या आत झालेल्यांची.

प्रसूतीआधी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं मिळाली होती, त्यामुळे फुफ्फुसांनी फार त्रास दिला नाही. नागपूरच्या धंतोलीतल्या एका रुग्णालयात बाळ ५२ दिवस पेटीत होतं. सुरुवातीला नाकातून सीपॅप (फुफ्फुसं उघडी ठेवणारा हवेचा हलका दाब), श्वास थांबू नये म्हणून कॅफिन, नळीनं दूध. टाळूवरून केलेल्या मेंदूच्या सोनोग्राफीत डाव्या बाजूला पहिल्या श्रेणीचा लहानसा रक्तस्राव दिसला, पुढच्या तपासणीत तो विरला होता. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेळेत झाली, लेझर लागलं नाही. कान ठीक. १,८०० ग्रॅम झाल्यावर घरी सोडलं. एवढ्या लवकर झालेल्या बाळाच्या मानानं ही फाइल चांगलीच म्हणायला हवी. (ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत.)

मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण पहिल्या वर्षात या मुलाबद्दल दोन ठाम मतं दिली गेली आणि दोन्ही घाईची होती. एक मत घरातलं आणि शेजारपाजारचं: पेटीतली मुलं सगळं उशिराच करतात, होईल आपोआप. दुसरं मत एका दवाखान्यातलं: पाय कडक आहेत, सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत राहणारा दोष) दिसतंय. मधे जे काम असतं, म्हणजे नाव न चिकटवता आणि धीरही न देता बघत राहायचं, मोजत राहायचं आणि तोवर हातावर हात धरून बसायचं नाही, त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

पहिली तपासणी

मे महिन्याच्या सुरुवातीला ते आले. घरच्यांच्या हिशेबानं बाळ ७ महिन्यांचं, आमच्या कागदावर साडेचार. जन्मतारखेपासून मोजलेल्या वयातून लवकर आलेले आठवडे वजा केले की जे उरतं ते करेक्टेड वय, आणि पहिली दोन वर्षं हालचालींचा हिशेब त्यावरच करायचा. मान धरणं, पालथं पडणं, बसणं हे मेंदू किती पिकलाय यावर ठरतं. बाळ बाहेर आलं म्हणून मेंदू ११ आठवडे पुढे उडी मारत नाही. हे एवढं समजलं तरी घरातली निम्मी घालमेल कमी होते. पण फक्त निम्मी. कारण वजाबाकी करूनही या मुलाचं सगळं जुळत नव्हतं.

उताणं ठेवलं की खांदे मागे ओढलेले, दोन्ही हात शरण आल्यासारखे डोक्याशेजारी वर. या वयात बाळ हात छातीवर आणून बोटांशी खेळायला लागतं; याचे हात मधोमध येतच नव्हते. मी त्याचे तळवे एकमेकांवर आणून धरले तर तेवढ्यापुरते राहिले, सोडले की पुन्हा वर. हाताला धरून उठवलं तर मान मागे लटकायची आणि अर्ध्यावर आला की कमान टाकून तो थेट ताठ व्हायचा. पालथं घातलं की रडारड. कोपरं खांद्यांच्या मागे गेलेली, मग जोर देणार कशावर? आणि उभं धरलं की गुडघे ताठ, टाचा वर, सगळा भार बोटांवर.

इथे आजींचा चेहरा खुलला. "पाय तं पाहा याचे मॅडम, किती जोर आहे! मान नाही धरून राहिला, पण उभा बरोबर राहते."

घरोघरी हीच गफलत होते. पायात खरा जोर असेल तर पाय वाकतोही, सैलही सोडता येतो. याचे पाय उभं धरल्यावर फक्त ताठ होत होते, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. त्यात घरातला प्रत्येक जण दिवसातून चार वेळा त्याला मांडीवर उभा करून तो जोर बघत होता. म्हणजे ज्या गोष्टीला आवर घालायचा, तिचाच सराव होत होता.

दोन्ही पाय फाकवून मांड्यांमधला कोन मोजला, ७० अंश भरला. ४ ते ६ महिन्यांच्या बाळात तो ७० ते ११० असतो, म्हणजे अगदी खालच्या कडेला. गुडघ्यामागचा कोन दोन्हीकडे सारखा. आणि एक गोष्ट मला बरी वाटली: निवांत पडलेला असताना तो एक पाय वाकवून दुसरा वेगळा झाडू शकत होता. दोन्ही पाय एकत्रच ताठ होणारं बाळ मला जास्त काळजीत टाकतं.

असं का होतं

आईच्या पोटात शेवटचे दहा-बारा आठवडे फार अडचणीचे असतात. बाळ वाढतं, जागा वाढत नाही, मग गुडघे पोटाशी, हात छातीशी, पाठ गोल. पूर्ण दिवसांचं बाळ ही घडी अंगात घेऊनच येतं आणि हळूहळू उलगडतं. २९ व्या आठवड्यात आलेल्या बाळाला ती घडी पडलेलीच नसते. त्याचं अंग सैल असतं आणि ते सपाट गादीवर पडून राहतं. श्वासासाठी मान थोडी मागे, नाकातोंडात नळ्या. जे स्नायू अंग मागे ताणतात तेच आधी कामाला लागतात, पुढे दुमडणारे मागे राहतात. चांगल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) म्हणूनच बाळाभोवती कापडाच्या गुंडाळ्यांचं घरटं करतात. त्यानं बराच फरक पडतो, पण पोटातल्या अडचणीची बरोबरी होत नाही.

हे झालं निरुपद्रवी कारण. दुसरं कारण मेंदूतलं. २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठ्यात चढउतार झाला किंवा जंतुसंसर्ग झाला तर पहिला मार त्याला बसतो. पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या मुलांत सीपी झाली तर ती बहुतेकदा पायांत जास्त दिसते, आणि सुरुवातीला दिसते ती अशीच: टाचा वर, मांड्या आखडलेल्या. सोनोग्राफीत सगळंच कळतं असंही नाही.

आता खरी पंचाईत. अपुऱ्या दिवसांच्या पुष्कळ बाळांत पहिल्या वर्षाच्या मध्यावर असाच ताठपणा येतो आणि वर्ष-दीड वर्षात ओसरतो. त्याला ट्रान्झियंट डिस्टोनिया म्हणतात. खऱ्या सीपीची सुरुवातही त्याच वयात आणि जवळपास तशीच. एका भेटीत, एका टेबलावर, रडणाऱ्या बाळाचे पाय ओढून हा फरक सांगता येत नाही. ज्यांनी या आईला पहिल्याच भेटीत सीपी सांगितली, त्यांची शंका रास्त होती. ती निकाल म्हणून सांगणं रास्त नव्हतं.

या प्रकरणात एक अनपेक्षित मदत झाली. आईच्या फोनमध्ये मार्चच्या मध्यावर आजोबांनी काढलेला व्हिडिओ होता. मालिशीच्या आधी बाळ सतरंजीवर उघडं पडलंय, जागं आहे, रडत नाही, हातात काही नाही, मागे कुकरची शिट्टी. करेक्टेड वय तेव्हा १२ आठवडे. हाइन्झ प्रेख्टल यांनी बाळांच्या आपसूक हालचाली बघून मेंदूचा अंदाज घेण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यात नेमका हाच काळ सर्वांत मोलाचा: दिलेल्या तारखेनंतरचे साधारण ९ ते २० आठवडे. या काळात धडधाकट मेंदूच्या बाळाची मान, मनगटं, घोटे सतत बारीक बारीक, सगळ्या दिशांना हलत असतात. ही चुळबुळ अजिबात नसेल तर सीपीची शक्यता फार वाढते. असेल तर ती बरीच कमी होते, संपत नाही. आजोबांच्या व्हिडिओत ती होती. मनगटांत कमी, घोट्यांत छान. या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याकडून मी तो पुन्हा बघून घेतला आणि बालरोगतज्ज्ञांना कळवलं: आत्ता नाव देऊ नये, दर सहा-आठ आठवड्यांनी मोजावं, काम आजपासून सुरू.

तेव्हापासून मी अशा प्रत्येक कुटुंबाला सांगते, त्या तीन महिन्यांच्या टप्प्यावर बाळाचा उघड्या अंगाचा चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. खुळखुळा वाजवू नका, "बघ बघ" करू नका, नुसतं काढा.

काम

घर महालातलं जुनं, खाली शहाबादी फरशी, माणसं भरपूर. नोव्हेंबरच्या शेवटी बाळ घरी आलं तेव्हा थंडी पडत होती. लहानग्याला ऊब हवीच, त्यामुळे टोपी, स्वेटर, वर दुपटं, असा तो संक्रांतीपर्यंत गुंडाळलेलाच होता. एप्रिल लागला तशी सगळी बिऱ्हाडं कूलरच्या खोलीत आली आणि बाळ मऊ गादीवर. फरशीवर ते कधी नव्हतंच. मऊ गादीत कोपर रुतलं की उचलायला काही मिळत नाही. म्हणून पहिला बदल साधा होता: जाड सतरंजी, फरशी, उघडे हातपाय. झोपवायचं मात्र कायम पाठीवरच. पालथं फक्त जागेपणी आणि कुणी समोर असताना.

पालथं पडायला तो तयार नव्हता, तर सुरुवात आईच्या छातीवरून केली. एनआयसीयूत तिनं कांगारू पद्धतीनं त्याला तासन्‌तास छातीशी धरलं होतं, कोलंबियातल्या बोगोटात १९७८ मध्ये सुरू झालेली ती पद्धत. त्यामुळे ती जागा त्याच्या ओळखीची होती. आईनं उशांना टेकून अर्धवट पडायचं, बाळ छातीवर पालथं, त्याची कोपरं आपल्या हातांनी त्याच्या खांद्यांखाली आणून धरायची आणि बोलायचं. चेहरा बघायला मान वर येतेच. जसजशी जमेल तसतशी आईनं पाठ जमिनीकडे न्यायची.

मालिश बंद करायला सांगतील, अशी आजींची खात्रीच होती. मी म्हटलं, मला करून दाखवा. आजी भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या आणि बाळाला नडग्यांवर घेतलं. बघतच राहिले. दोन पायांच्या मधल्या खाचेत बाळ उताणं पडलं की खांदे आपोआप पुढे येतात, कंबर वाकते, हात मधोमध येतात. वर्गात मी टॉवेलच्या गुंडाळ्या लावून जे शिकवते ते इथे आयतं होतं. शेवटी त्या दोन्ही हातांची छातीवर घडी घालत, मग उजवा हात डाव्या पायाला, डावा उजव्या पायाला लावत. या मुलाला हवं होतं ते नेमकं हेच. मी फक्त दोन गोष्टी काढल्या: पाय धरून उलटं लोंबकळवणं आणि पाठीला मागे दिलेली कमान. आणि घडीचा भाग वाढवला. "मंग एवढंच करून राहिली मी इतके वर्षं," आजी म्हणाल्या, थोड्या रागानंच. पण नंतर घरातला सर्वांत नियमित व्यायाम त्यांचाच होता. फिजिओथेरपीच्या खोलीत आठवड्यातून पाऊण तास मिळतो. बाळ घरात दिवसभर उचललं, ठेवलं, धुतलं, भरवलं जातं. बदल होतो तो तिथे.

उचलण्याचंही तसंच. खांद्यावर उभं धरलं की तो कमान टाकायचा. त्याऐवजी पाठ आपल्या छातीला, गुडघे दुमडून हातावर बसवल्यासारखं धरायला सांगितलं. मान सावरायला लागल्यावर कडेवर. कडेवर घेतलं की मांड्या फाकतात, कमरेला दिवसातून कितीतरी वेळ ताण मिळतो, कुणी रडत नाही.

जूनच्या शेवटी, करेक्टेड ६ महिने: मान मागे राहत नव्हती, हात एकमेकांत, पायाचा अंगठा तोंडात. मांड्यांमधला कोन ९० अंश. उभं केल्यावर बोटांवर अजूनही. ठीक चाललं होतं.

डावा हात

ऑगस्टमध्ये मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. बाळ फक्त उजवीकडूनच पालथं पडत होतं आणि खेळणं कुठूनही दिलं तरी उजवाच हात पुढे. मोठ्यांना हे कौतुकाचं वाटतं. पण वर्षाच्या आत मूल कुठल्याच हाताचं नसावं. एकच हात वापरत असेल तर दुसऱ्याची चौकशी करावी लागते.

बालमेंदूतज्ज्ञांकडे पाठवलं. हॅमरस्मिथच्या तपासणीत, म्हणजे बाळाच्या मेंदू-मज्जासंस्थेला गुण देणाऱ्या तपासणीत, ७८ पैकी ७० गुण आले. ७३ च्या खाली असलं की जोखीम धरतात. प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) दोन्हीकडे सारखे, डाव्या मुठीत अंगठा अडकलेला नाही. एमआरआयचा विषय निघाला. त्यासाठी बाळाला गुंगी द्यावी लागते, घरचे बिचकत होते; डॉक्टरांनी आठ आठवडे थांबायचं ठरवलं आणि मला ते पटलं, कारण एमआरआयमध्ये काही निघालं असतं तरी त्या आठ आठवड्यांत आम्ही जे करणार होतो ते बदललं नसतं.

या दरम्यान मी घरी जाऊन आले. खोलीत बाळाची जागा ठरलेली, भिंतीलगत. कूलरची खिडकी डाव्या हाताला. वाऱ्याचा झोत तोंडावर येऊ नये म्हणून सगळ्यांनी उन्हाळाभर त्याचं तोंड उजवीकडे वळवलेलं. दार, टीव्ही, माणसं, सगळं उजवीकडे. डावीकडे फक्त कूलर आणि भिंत. उन्हाळा सरला, कूलर बंद झाला, बाळाची जागा तीच राहिली. एवढ्या एका गोष्टीनं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण डोकं-पाय दिशा उलटी केली, उजव्या हातात काहीतरी देऊन दुसरी वस्तू डावीकडून द्यायला लावली, भरवणारं माणूस डाव्या बाजूला बसवलं. मधेच पावसाळ्यातला खोकला छातीत उतरला, चार दिवस दवाखान्यात काढावे लागले आणि त्यानंतरचे दोन आठवडे बाळ नुसतं अंगाला चिकटून होतं. अपुऱ्या दिवसांच्या फुफ्फुसांचं हे होतंच, आणि प्रत्येक आजारपणात हालचाली थोड्या मागे जातात. तरी ऑक्टोबरच्या तपासणीत डावा हात पुढे येत होता. एमआरआय पुढे ढकलला तो ढकललाच.

बसणं, चालणं

आधाराशिवाय बसला तो करेक्टेड ९ महिन्यांना. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय बसण्याची मुदत ३.८ ते ९.२ महिने आहे. म्हणजे अगदी काठावर. जन्मतारखेनं मोजलं असतं तर साडेअकरा, मुदत केव्हाच संपलेली.

पहिल्या वाढदिवसाला मामानं बर्डीवरून वॉकर आणला. मी नको म्हटलं, त्यावरून घरात थोडं वाजलं. वॉकरमध्ये मूल अधांतरी बसतं आणि बोटांनी जमीन ढकलतं. ज्याच्या टाचा आधीच वर, त्याला तर हे विषच. पडून डोकं फुटण्याचा धोका वेगळा. कॅनडात २००४ पासून बेबी वॉकर विकायलाच बंदी आहे. "आमचे सारे वॉकरमधीच चालले," मामा म्हणाले. चाललेही असतील. वॉकर माळ्यावर गेला.

त्याऐवजी बसकं स्टूल दिलं. स्टुलावर बसायचं, तळपाय पूर्ण टेकलेले, समोर दिवाणावर वाटी-चमचे. पुढे झुकून उठायचं आणि पुन्हा बसायचं. उठण्यापेक्षा हळू बसणं अवघड आणि तेच कामाचं, कारण तिथे ताठ पायाला सैल सुटणं शिकावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत टाचा टेकायला लागल्या, आधी बसताना, मग धरून उभं राहताना. रांगणं उशिरा आलं आणि एक गुडघा, एक पाऊल असं वाकडंतिकडं आलं. जानेवारीच्या शेवटी हॅमरस्मिथचे गुण ७५. मार्चच्या अखेरीला, करेक्टेड १५ महिन्यांना, आई आणि दिवाण यांच्यामध्ये चार पावलं. एकट्यानं चालण्याची मुदत १७.६ महिन्यांपर्यंत आहे. सीपीचं नाव बालमेंदूतज्ज्ञांनी कागदावरून काढलं ते त्यानंतर.

आता तो सव्वादोन वर्षांचा आहे. धावतो, खूश झाला की अजून बोटांवर जातो, सांगितलं की टाचा टेकतो. जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणतो, दोन्ही पायांनी उडी अजून नाही. चमचा डाव्या हातातही धरतो. ज्यांचा ताठपणा ओसरतो त्यांचं सगळं संपलं असं नसतं: फार लवकर झालेल्या मुलांत पुढे बटणं लावणं, चेंडू झेलणं, अक्षर काढणं यांत अडखळणं इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि त्याचं ठोस निदान ५ वर्षांच्या आधी करत नाहीत. म्हणून तिसऱ्या वाढदिवसानंतर एकदा आणि पहिलीत जाण्याआधी एकदा तपासणी ठरली आहे.

सध्याचा वाद नर्सरीचा आहे. राज्यात प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात. ऑक्टोबरचा जन्म असल्यानं तो येत्या जूनमध्येच बसतो. तेव्हा तो २ वर्षं ८ महिन्यांचा असेल, मूळ तारखेनं अडीचही नाही. दाखल्यावर करेक्टेड वयाचा रकाना नसतो. शिवाय वर्गात बहुतेक मुलं त्याच्याहून मोठी असणार. मी एक वर्ष थांबा म्हटलंय. आईला पटलंय, आजोबांना नाही, कारण त्यांनी शाळेत विचारूनही ठेवलंय. अर्ज भरायच्या आधी सगळे मिळून येणार आहेत, आजोबाही.